ओहायोची जुनी फाइल काढा : अमेरिकी सिनेटच्या परराष्ट्र संबंध समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
परराष्ट्र संबंध समिती,
अमेरिकी सिनेट, वॉशिंग्टन

विषय : दिल्लीला राजदूत पाठवण्याआधी उमेदवाराचा राज्यातला कारभार तपासण्याबाबत

महोदय,

पत्र मराठीत आहे. भाषांतर करणारी माणसं तुमच्याकडे पगारावर आहेत, माझ्याकडे नाहीत, म्हणून ही सोय. शिवाय पत्र खुलं असल्यामुळे तुम्ही नाही वाचलंत तरी इकडचे चार लोक वाचतील, तेवढं पुरे.

मी बोईसरला राहतो. स्टेशनवरून रिक्षा केली की तारापूरचं अणुवीज केंद्र. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या तुमच्या जनरल इलेक्ट्रिकच्या. ऑगस्ट १९६३ मध्ये तुमच्या आमच्या सरकारांत करार झाला आणि ऑक्टोबर १९६९ पासून वीज रीतसर मिळू लागली. मग १९७८ मध्ये तुमच्या काँग्रेसने अण्वस्त्रप्रसार रोखण्याचा कायदा केला आणि याच भट्ट्यांच्या इंधनाचं घोडं अडलं. १९८२ मध्ये फ्रान्स मधे पडला तेव्हा कुठे वाट निघाली. त्यामुळे तुमच्या सभागृहात कोणी हात वर केला आणि कोणी नाही, याची चर्चा आमच्याकडे वसाहतीच्या गेटवरच्या टपरीवर चालायची. बोईसरच्या माणसाने सिनेटला पत्र लिहिणं हे म्हणूनच वाटतं तितकं विचित्र नाही.

मुद्द्यावर येतो. दिल्लीसाठी नवं नाव पुढे आलं की आमची वर्तमानपत्रं लगेच शिक्का मारतात : हा मुरलेला मुत्सद्दी, की राजकीय नेमणूक? दुसरा शब्द नाक मुरडूनच उच्चारला जातो. तुमचे बहुतेक राष्ट्राध्यक्ष साधारण तीस टक्के किंवा त्याहूनही जास्त राजदूत परराष्ट्र सेवेच्या बाहेरून नेमत आले आहेत. तुमचा १९८० चा परराष्ट्र सेवा कायदा स्पष्ट सांगतो की राजदूतपद सर्वसाधारणपणे सेवेतल्या माणसाकडे जावं, त्याला त्या देशाची भाषा, इतिहास, समाज यांची उपयोगी पडेल इतकी जाण असावी, आणि निवडणूक निधीला दिलेली देणगी हा निवडीचा निकष असू नये. उमेदवाराने आणि त्याच्या घरच्यांनी मागच्या चार वर्षांत कोणाला किती देणग्या दिल्या याचा तक्ता तुमच्यापुढे ठेवावा लागतो, तोही याच कायद्यामुळे. तक्ता येतो, तुम्ही बघता, आणि पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

माझी तक्रार देणगीदारांबद्दल आहेच, पण ती जुनी आणि सगळ्यांची आहे. मला जास्त खटकतं ते हे की चेक फाडणारा आणि दारोदार मतं मागणारा, अशा दोघांना तुम्ही आम्ही एकाच टोपलीत टाकतो. दोघंही ‘राजकीय’. पण एकाने राजकारण विकत घेतलेलं असतं आणि दुसऱ्याने ते अंगावर घेतलेलं असतं. हा फरक बघायचा असेल तर ओहायोची जुनी फाइल काढा. नाव रिचर्ड सेलेस्ट, त्या राज्याचे गव्हर्नर (म्हणजे आमच्याकडचे मुख्यमंत्रीच) आणि पुढे दिल्लीतले तुमचे राजदूत. लोक डिक म्हणायचे.

सेलेस्ट १९३७ चे, क्लीव्हलंडला लागून असलेल्या लेकवूडचे. वडील इटलीहून आलेले, पुढे त्याच गावचे महापौर झाले. पोरगा येलला शिकला, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेला. इथपर्यंत हुशार मुलाची नेहमीची गोष्ट आहे. पण १९६३ मध्ये, पंचविशीत, तो दिल्लीला आला, राजदूत चेस्टर बोल्स यांचा सहायक म्हणून. चार वर्षं त्यांच्या हाताखाली होता. म्हणून सेलेस्टची गोष्ट बोल्सना वगळून सांगता येत नाही.

बोल्स हे मूळचे जाहिरातवाले. मित्र विल्यम बेंटन याच्याबरोबर १९२९ मध्ये, म्हणजे मंदीच्या तोंडावर, एजन्सी काढली आणि तिच्यावर भरपूर पैसा कमावला. महायुद्धात देशाचं किंमत नियंत्रण खातं सांभाळलं, म्हणजे रेशन आणि भाव. दुकानदार शिव्या देतात आणि गिऱ्हाईक हळूच दुवा देतं, असं ते काम. १९४८ मध्ये अगदी थोडक्या मतांनी कनेक्टिकटचे गव्हर्नर झाले. मुदत दोनच वर्षांची, विधिमंडळाचं खालचं सभागृह विरोधकांच्या ताब्यात. तरी घरबांधणी रेटली आणि राज्याच्या नॅशनल गार्डमधला वर्णभेद मोडून काढला. सगळंच काही सोवळं नव्हतं : सिनेटची जागा रिकामी झाली तेव्हा त्यांनी तिथे नेमला तो जुना भागीदार बेंटन. आपला माणूस, आपली खुर्ची. हे आम्हाला समजावून सांगावं लागत नाही. १९५० मध्ये मतदारांनी बोल्सना घरी बसवलं. हरवणारे जॉन डेव्हिस लॉज पूर्वीचे हॉलिवूडचे नट, आणि तेही पुढे स्पेनला राजदूत म्हणून गेले. तुमच्याकडे गव्हर्नरकी आणि वकिलात यांच्यामधलं दार सताड उघडंच असतं.

१९५१ मध्ये ट्रुमन यांनी बोल्स यांचं नाव दिल्लीसाठी पाठवलं तेव्हा ते याच समितीपुढे आलं होतं. रिपब्लिकन सदस्यांचा विरोध कडवा होता : पडलेला गव्हर्नर, परराष्ट्र कारभाराचा गंध नाही, याला भारतासारख्या देशात कशाला पाठवता? आक्षेप कागदावर बरोबर होता. दिल्लीत येऊन या पडलेल्या गव्हर्नरने काय केलं? मुलांना भारतीय शाळेत घातलं, ती सायकलने जायची. स्वतः गावोगाव हिंडून इटावाचा ग्रामविकासाचा प्रयोग बघितला आणि अमेरिकी मदत तिकडे वळवण्यासाठी वॉशिंग्टनच्या मागे लागले. २ ऑक्टोबर १९५२ ला देशात ५५ ठिकाणी सामूहिक विकास प्रकल्प सुरू झाले, त्यामागच्या पैशात आणि उत्साहात बोल्स यांचा वाटा मोठा. त्या योजनेने खेड्यांचं नंदनवन केलं नाही. पण आमच्या खेड्यात ‘बीडीओ’ आणि ‘ग्रामसेवक’ हे जे शब्द मुरले, त्यांचा उगम त्या काळात आहे.

केनेडींनी त्यांना आधी परराष्ट्र खात्यात दुसऱ्या क्रमांकावर बसवलं. क्यूबावरच्या त्या फसलेल्या स्वारीला त्यांनी आधीच लेखी विरोध केला होता. विरोध खरा ठरणं ही सरकारात फार महाग पडणारी गोष्ट. १९६१ च्या नोव्हेंबरात खुर्ची गेली आणि १९६३ मध्ये स्वारी पुन्हा दिल्लीत. चाणक्यपुरीत राजदूतासाठी नवंकोरं रूझवेल्ट हाउस बांधून तयार होतं. हे मात्र जुन्या लहान बंगल्यातच राहिले.

सेलेस्ट त्यांच्याकडे आला तो या दुसऱ्या खेपेला. त्या चार वर्षांत पंचविशीतल्या पोराला काय काय बघायला मिळालं, त्यातल्या दोन गोष्टी सांगतो.

पहिली आमच्या यशवंतरावांची. चीनच्या आक्रमणानंतर महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, हे वाक्य तेव्हापासूनचं. म्हणजे टेबलाच्या एका बाजूला माजी मुख्यमंत्री आणि दुसऱ्या बाजूला माजी गव्हर्नर. दोघांनाही विधिमंडळातल्या गोंधळाची, पक्षातल्या कुरबुरींची आणि अर्थसंकल्पाच्या ओढाताणीची सवय. भारताला काही वर्षं पुरेल अशी लष्करी मदत ठरवून द्यावी, नाहीतर हे लोक मॉस्कोकडे वळतील, असं बोल्स पुन्हा पुन्हा लिहीत होते. १९६३ च्या नोव्हेंबरअखेर याच विषयावर केनेडींशी बैठक ठरली होती, २२ तारखेला केनेडी गेले. पुढच्या मे महिन्यात यशवंतराव स्वतः अमेरिकेत गेले, बोलणी रंगात आली, २७ तारखेला नेहरू गेले आणि यशवंतरावांना परतावं लागलं. थोडीफार मदत मिळाली, पण भारताला हवी होती ती एफ-१०४ लढाऊ विमानं तुम्ही दिली नाहीत. सप्टेंबरात यशवंतराव मॉस्कोला गेले. बोल्स यांचा होरा खरा ठरला आणि पुन्हा एकदा त्याचा त्यांना काही उपयोग झाला नाही.

दुसरी गोष्ट ६ मार्च १९६७ ची. संध्याकाळी एक बाई दिल्लीच्या वकिलातीत शिरली आणि मी स्टालिनची मुलगी म्हणाली. स्वेतलाना. कालाकांकरच्या ब्रजेश सिंहांच्या अस्थी घेऊन ती भारतात आली होती आणि दोन दिवसांत तिला मॉस्कोला परतायचं होतं. असल्या प्रसंगी नोकरीतला माणूस वरून हुकूम येईपर्यंत कागद हलवत नाही, आणि त्यात त्याचं चुकतं असंही नाही. बोल्सनी वॉशिंग्टनला तार केली, तिचा मतितार्थ असा : मध्यरात्रीपर्यंत तुम्ही काही उलट कळवलं नाहीत तर मी हिला विमानात बसवतो. रात्री एकच्या सुमारास बाई रोमच्या वाटेवर होती. ‘विचारून सांगतो’ असं म्हणायची सोय गव्हर्नरला नसते, ती खोड वकिलातीतही टिकली.

त्याच काळात दोन वर्षं पाऊस रुसला, बिहारात हाहाकार झाला आणि इथे आम्ही रेशनच्या रांगेत अमेरिकेच्या तांबड्या गव्हासाठी उभे होतो. जॉन्सन महिन्या महिन्याचं धान्य मोजून सोडत होते, म्हणजे व्हिएतनामवर भारत फार बोलणार नाही. बोल्स जहाजांसाठी भांडत होते. इतके भांडत होते की वॉशिंग्टनमध्ये लोक म्हणू लागले, हा आपला राजदूत आहे की त्यांचा? लांबलचक तारा यायच्या आणि वाचायचं कोणी मनावर घ्यायचं नाही. हा दोष खराच. ज्या घरचं मीठ खायचं त्या घरात आपला शब्द राहिला नाही तर परक्या अंगणात कितीही मान मिळून उपयोग काय?

सेलेस्टनी हे सगळं पाहिलं आणि घरी परतल्यावर परराष्ट्र खात्याकडे न वळता ओहायोत आमदारकीला उभे राहिले. या पत्रातला माझा आवडता तपशील हाच. दिल्लीतली चार वर्षं गाठीला असताना १९७० मध्ये माणूस क्लीव्हलंडच्या वस्त्यांत मतं मागत फिरतो. निवडून आले, दोन वेळा प्रतिनिधिगृहात बसले, मग १९७४ मध्ये उपगव्हर्नर झाले. तुमच्याकडची गंमत म्हणजे गव्हर्नर जेम्स ऱ्होड्स विरोधी पक्षाचे, त्यामुळे या उपगव्हर्नराला काम शून्य. चार वर्षं पाटी, गाडी आणि बिनकामाची खुर्ची. १९७८ मध्ये ऱ्होड्सविरुद्ध लढले आणि थोडक्यात पडले. कार्टरनी पीस कोअरचं, म्हणजे परदेशी स्वयंसेवक धाडणाऱ्या तुमच्या सरकारी संस्थेचं, संचालकपद दिलं. १९८२ मध्ये पुन्हा उभे राहिले आणि जिंकले. तिजोरीत खडखडाट होता, म्हणून राज्याचा आयकर जवळजवळ दुपटीला नेला. लोक संतापले, १९८३ च्या नोव्हेंबरात करवाढ रद्द करण्यासाठी सार्वमत झालं आणि मतदारांनी करवाढ कायम ठेवली. आमच्याकडचा कोणी मुख्यमंत्री असं धाडस करील का, यावर मी गप्प बसतो.

आता ज्यासाठी फाइल काढायला सांगितली ते पान. मार्च १९८५.

ओहायोत काही बचत संस्थांच्या ठेवींना केंद्राचं विमासंरक्षण नव्हतं. त्या संस्थांनी आपापसात पैसे घालून एक ठेव हमी निधी उभारला होता. आमच्या पतसंस्थांच्या ठेवीदाराला हे चटकन कळेल, कारण त्याच्या ठेवीलाही डीआयसीजीसीचा, म्हणजे बँकठेवींना मिळतो तो, विमा नसतो आणि हे त्याला सहसा संस्था अडचणीत आल्यावरच समजतं. सिनसिनाटीची होम स्टेट सेव्हिंग्ज बँक त्यातली एक मोठी संस्था. तिने फ्लोरिडातल्या ईएसएम नावाच्या रोखे दलाल कंपनीत पैसा गुंतवला होता. ४ मार्चला ईएसएम बुडाली. बातमी फुटली आणि होम स्टेटच्या शाखांसमोर रांगा लागल्या. आठवड्याच्या आत बँक बंद. सगळा हमी निधी त्या एका खड्ड्यात जाणार हे कळल्यावर बाकीच्या धडधाकट संस्थांपुढेही लोक जमू लागले. ओहायोतला मार्च म्हणजे कडाक्याची थंडी. माणसं घडीच्या खुर्च्या आणि पांघरुणं घेऊन रात्रभर दारात बसली होती.

१५ मार्चला, शुक्रवारी, सेलेस्टनी अशा ७१ संस्थांना एकदम टाळं लावायचा हुकूम काढला. सुमारे पाच लाख खातेदारांचे पैसे अडकले. १९३० च्या दशकातल्या महामंदीनंतर एवढी मोठी बँकबंदी तुमच्या देशात झाली नव्हती. त्या दिवसांत राज्याचा गव्हर्नर काय करतो? विधिमंडळाला बसवतो, संस्थांना सांगतो की केंद्राचा विमा घ्या, जमत नसेल तर मोठ्या बँकेला विका, आणि ज्याला दोन्ही जमत नाही त्याचं दार उघडणार नाही. मग एकेक करून दारं उघडली. होम स्टेट दुसऱ्यांनी विकत घेतली आणि ठेवीदारांचे पैसे परत मिळाले. वाईट बोलणारे बोललेच : राज्याचं नियंत्रण खातं आधी झोपलं होतं का? बरोबर प्रश्न आहे. ते खातंही सेलेस्ट यांच्याच सरकारातलं. दुसऱ्या वर्षी निवडणूक आली, समोर पुन्हा तेच ऱ्होड्स, आणि रांगेत उभ्या राहिलेल्या त्याच लोकांनी सेलेस्टना पुन्हा निवडून दिलं.

या होम स्टेटचा मालक कोण होता? मार्विन वॉर्नर. सिनसिनाटीचा धनाढ्य माणूस, डेमोक्रॅटिक पक्षाचा मोठा देणगीदार, सेलेस्टनाही त्याने पैसे दिले होते. कार्टर यांच्या काळात, १९७७ ते १९७९, तो स्वित्झर्लंडमध्ये तुमचा राजदूत होता. त्याचंही नाव याच समितीपुढून मंजूर होऊन गेलं. बँक बुडवल्याच्या प्रकरणात पुढे १९८७ मध्ये तो ओहायोच्या न्यायालयात दोषी ठरला आणि तुरुंगात गेला.

एकाच प्रकरणात दोन राजदूत, महोदय. एक होऊन गेलेला, दुसरा होणारा. दोघंही एकाच पक्षाचे, एकाच राज्याचे, तुमच्या हिशेबात दोघंही राजकीय नेमणूक. एकाच्या कारभारामुळे रांग लागली आणि दुसऱ्याला ती रांग निस्तरावी लागली. देणग्यांचा तक्ता तेवढा बघितला असता तर वॉर्नरचं पारडं कदाचित जड भरलं असतं.

सेलेस्ट १९९१ मध्ये गव्हर्नरकीवरून उतरले. जाता जाता, मारझोड करणाऱ्या नवऱ्याला किंवा साथीदाराला जिवे मारल्याबद्दल किंवा जखमी केल्याबद्दल शिक्षा भोगणाऱ्या २५ बायकांच्या शिक्षा त्यांनी कमी केल्या. त्यावरही वादळ उठलं होतं. १९९७ मध्ये क्लिंटननी त्यांना दिल्लीला धाडलं, ज्या वकिलातीत सहायक म्हणून काम केलं तिथेच राजदूत म्हणून. पोचून सहा महिने होत नाहीत तोच पोखरण झालं.

११ मे १९९८. महिनाभर आधीच संयुक्त राष्ट्रांतले तुमचे राजदूत बिल रिचर्डसन दिल्लीत येऊन सगळ्यांना भेटून गेले होते. त्यांना काही कळलं नाही, तुमच्या उपग्रहांना कळलं नाही, आणि सेलेस्टनाही कळलं नाही. हे त्यांचं अपयश मानायचं असेल तर माना, पण मग सीआयएपासून सुरुवात करा. क्लिंटननी राजदूताला सल्लामसलतीसाठी परत बोलावलं आणि निर्बंध लागले ते अणुचाचणी करणाऱ्या देशाची मदत तोडणाऱ्या ग्लेन दुरुस्तीखाली. ही दुरुस्ती ओहायोच्या जॉन ग्लेन यांची, म्हणजे सेलेस्ट यांच्याच राज्याच्या, त्यांच्याच पक्षाच्या सिनेटरची. तारापूरचं इंधन अडवणाऱ्या १९७८ च्या कायद्यामागेही प्रमुख नाव याच ग्लेन यांचं होतं. आमच्या टपरीवर त्यांना अंतराळवीर म्हणून कोणी ओळखत नसे. मे महिन्यात भारतावर निर्बंध लागले आणि ऑक्टोबरात, ७७ व्या वर्षी, ग्लेन पुन्हा अंतराळात गेले. आम्ही इथे ट्रॉम्बेच्या भाभा केंद्राचं नाव तुमच्या काळ्या यादीत वाचत होतो आणि टीव्हीवर म्हातारबुवांचं कौतुक बघत होतो.

त्या दोन वर्षांत सेलेस्टनी काही जादू केली असं मी म्हणणार नाही. खरी बोलणी आमचे जसवंत सिंह आणि तुमचे परराष्ट्र उपमंत्री स्ट्रोब टालबॉट यांच्यात डझनाहून अधिक फेऱ्यांत चालली आणि राजदूत बऱ्याचदा कडेला होता. पण वाटाघाटी वर चालू असताना खाली रोजचं खातं चालू ठेवावं लागतं : व्यापारी, विद्यापीठं, व्हिसा अडकलेले शास्त्रज्ञ, चिडलेले संपादक, राज्याराज्यांतले मुख्यमंत्री. आपल्याच सरकारने लावलेल्या निर्बंधांचं समर्थन करत रोज लोकांपुढे जाणं हे काम त्याला जमतं ज्याने एकेकाळी पाच लाख खातेदारांना तोंड दिलेलं असतं. कारगिलचा उन्हाळा गेला. मार्च २००० मध्ये क्लिंटन आले, कार्टर यांच्यानंतर बावीस वर्षांनी आलेले पहिले अमेरिकी अध्यक्ष. पाच दिवस राहिले, संसदेत बोलले, राजस्थानात नायलाच्या बायकांबरोबर नाचले, मुंबईच्या शेअर बाजारातही डोकावले. दोन वर्षांपूर्वी निर्बंध आणि आता ही वरात. या बदलाचं श्रेय बऱ्याच जणांचं आहे, त्यात वकिलातीचा वाटा नसेल असं मानायला मी तयार नाही.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, मग सेवेतले अधिकारी काय वाईट? अजिबात नाहीत, बहुतेक वेळा तेच बरे. पण सेवेतला म्हणजे आपोआप निर्लेप, हेही आमच्या अनुभवाला उतरलेलं नाही. सेलेस्ट यांच्या आधीचे राजदूत फ्रँक विस्नर सेवेतले, अनुभवी, दिल्लीत मान असलेले. १९९७ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी एन्रॉनच्या तेल व वायू कंपनीच्या संचालक मंडळावर गेले. नियम कुठलाही मोडला नव्हता. पण गुहागर तालुक्यात एन्रॉनच्याच दाभोळ प्रकल्पावर तेव्हा काय चाललं होतं, लाठ्या, अटका, कोर्टकचेऱ्या, महागड्या वीजदरावरचा वाद, हे ज्यांनी अनुभवलं त्यांना ती बातमी कशी लागली असेल याची कल्पना करा.

तेव्हा विनंती एवढीच की शिक्का बघू नका, हात बघा. उमेदवाराच्या पात्रतेचा अहवाल तुम्हाला कायद्यानेच मिळतो. तो पुढे आला की त्याच्या राज्यातून दोन कागद मागवून घ्या. त्याने कधी निवडणूक हरली आहे का आणि हरल्यावर काय केलं? बोल्स १९५० मध्ये पडले, सेलेस्ट १९७८ मध्ये पडले. दोघांच्याही बाबतीत त्यानंतरची वर्षं मला जास्त महत्त्वाची वाटतात, कारण पडलेला माणूस दुसऱ्याचं ऐकायला शिकतो. आणि दुसरा कागद : त्याच्या कारकिर्दीत रांग कधी लागली होती, आणि तेव्हा तो कुठे होता? महापूर, संप, बुडालेली बँक, काहीही चालेल. याचं उत्तर ज्याच्याकडे नाही त्याला लक्झेंबर्गला पाठवा. दिल्लीला नको.

आणखी एक गोष्ट, आता पत्र लिहितोच आहे तर. निर्णय काहीही घ्या, पण वेळेत घ्या. जानेवारी २०२१ मध्ये राजदूत केनेथ जस्टर परतल्यानंतर दिल्लीला पूर्णवेळ राजदूत मिळाला तो २०२३ च्या वसंतात. लॉस एंजेलिसचे महापौर एरिक गार्सेटी यांचं नाव जुलै २०२१ मध्ये आलं होतं आणि मंजुरी मिळाली १५ मार्च २०२३ ला. त्यांच्या कार्यालयाबद्दल आक्षेप होते, ते तपासायलाच हवे होते, पण वीस महिने? मध्यंतरी युक्रेनचं युद्ध पेटलं, तेलावरून तुमचं आमचं वाजलं आणि व्हिसाच्या मुलाखतीच्या तारखांसाठी इकडची पोरं रात्र रात्र संकेतस्थळासमोर बसून होती. वकिलातीचं काम प्रभारी माणसंही चालवतात, मान्य. पण बोल्सनी मध्यरात्रीपर्यंतची मुदत घालून पाठवली तशी तार प्रभारी माणूस पाठवत नाही, कारण ती पाठवायची ताकद खुर्चीतून येते.

सेलेस्ट यांची गव्हर्नरकीची कागदपत्रं ओहायोतच आहेत आणि बोल्स यांची येल विद्यापीठात. तुमच्या कार्यालयापासून दोन्ही ठिकाणं एका दिवसाच्या प्रवासात आहेत, आम्हाला मात्र त्यासाठी आधी तुमचाच व्हिसा काढावा लागतो. पुढच्या सुनावणीआधी कोणा तरुण सहायकाला तिकडे धाडा. पंचविशीतला असेल तर उत्तम.

कळावे, लोभ असावा.

आपला,
बोईसरचा एक वीजग्राहक